साहेबाच्या नावाची घागर

सरका जवळ. आणि ए, दारात पाय लोंबकळत सोडू नको, आत घे. लाइट काही बाराच्या आत येत नाही. गोष्ट ऐकायची तर मधे खिदळायचं नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यावर हे बेतलं तो आधार मिस्तरी माझ्या रोजच्या उठण्याबसण्यातला माणूस. अमळनेरात अजून त्याचं गॅरेज आहे. जाऊन विचारा हवं तर. सांगणार नाही तो, पण विचारा.

साल एकोणनव्वद. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली. धुळे रस्त्याला तेलाची एक गिरणी दहा-बारा वर्षांपासून बंद पडलेली होती. तिथल्या विहिरीची मोटर बघायला आधार गेला. मोटर तासाभरात चालू झाली. हात पुसायला चिंधी शोधत तो मागच्या शेडमध्ये शिरला, तर पोत्यांच्या ढिगाखाली एक गाडी. चार बुटकी चाकं, एक बाकडं, वर छत, आणि स्टीअरिंगच्या जागी नुसता आडवा दांडा. बडे लोक हिरवळीवर काठीनं चेंडू टोलवत फिरतात ना, त्यांची ती गाडी. पेट्रोलची, परदेशी, पंचवीस-तीस वर्षं जुनी.

आधारनं खाली वाकून पाहिलं आणि त्याचं काळीजच हललं. गाडीला गिअर नाही, किक नाही. पेडल दाबलं की इंजिन सुरू, सोडलं की बंद. एवढंच! त्याच्या डोळ्यांसमोर त्याची पोरगी उभी राहिली. उभी कसली, ती बसलेलीच असायची. पुष्पा तिचं नाव, वय अठरा. दीड वर्षाची असताना पोलिओत दोन्ही पाय गेले, तेव्हापासून तळवा जमिनीला टेकला नाही. शाळेत बापानं पाठीवर नेलं. आता जूनमध्ये कॉलेज, आणि पोरीनं साफ सांगितलेलं, "बाबा, तुमना पाठवर मी कॉलेजले नही जावाव. लोके हासतस." तेव्हापासून आधारच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

गिरणीचा वॉचमन बन्सीलाल म्हणाला, "लई जा मिस्तरी, मालकले भंगारच शे ते. पन एक सांगस. त्या गाडीवर मोतीलालसाहेबशिवाय कोनी बठेल नही."

हा मोतीलाल गिरणीचा मॅनेजर. पाय सुजलेले असायचे त्याचे, म्हणून ही गाडी मागवलेली. पण माणूस असा खवीस, की दिवसभर गाडीवर बसून कामगारांच्या मागे फिरायचा. कोणी पाणी प्यायला टेकला, बाई पोराला पाजायला बसली, की हा शेजारी हजर. दोनच वाक्यं बोलायचा. "ऊठ. चालायला लाग." एकदा एका म्हाताऱ्या हमालाला चक्कर आली म्हणून तो या गाडीवर घटकाभर बसला, तर त्याला भर उन्हात गिरणीभोवती फेऱ्या मारायला लावल्या. पुढे मोतीलाल त्याच गाडीवर बसल्याबसल्या मेला. मागे रडायलाही कोणी नव्हतं.

आधारनं गाडी बैलगाडीला बांधून घरी आणली. तीन महिने तिच्यामागे लागला. कार्बोरेटरमध्ये जुनं पेट्रोल डिंकासारखं घट्ट झालेलं, ते खरवडून काढलं. धुळ्याच्या भंगारातून पिस्टनच्या रिंगा आणून कानशीनं घासून बसवल्या. पट्टा पिठाच्या गिरणीचा, बॅटरी ट्रॅक्टरची. पोरीच्या पायांत जोर नाही, म्हणून पेडल उपटून टाकलं आणि खालच्या दांडीला तार जोडून ती हाताच्या मुठीवर आणली. मूठ ओढली की गाडी चालली. डोकं होतं गड्याला! पण गाडी नतद्रष्ट. बॅटरीची तार सोडवलेली असताना एकदा पट्टा फिरला आणि आधारचं एक नख मुळासकट गेलं. दुसऱ्यांदा चाक पायावर आलं. तो शिव्या घालायचा आणि परत कामाला लागायचा. पोरीसाठी बाप काय नाही करत?

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी गाडी एका दमात सुरू झाली.

आता ऐका, इथं माती खाल्ली त्यानं. आखाजीला आपण पितरांची घागर भरतो, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतो, नाव घेऊन म्हणतो की बाबा, ये आणि पाणी पी. ज्याचं नाव घेतलं तो येतो. म्हणून घरच्याचंच नाव घ्यायचं असतं. सणाच्या सकाळी आधारनं बापाची भरली, आईची भरली, आणि तिसरी घागर नेऊन गाडीच्या बाकड्यावर ठेवली. बायको भागाबाई किंचाळलीच, "याड लागनं का तुम्हले? परकानी घागर आपला घरमा भरतस का कोनी?"

"त्याले पानी देनारं कोनी नही शे," आधार म्हणाला. "गाडी त्यानी, बठनार आपली पोर. एक घागरमा आपलं काय जास?" आणि हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "मोतीलालसाहेब, या. पाणी प्या."

स्वतःच्या तोंडानं बोलावलं हो त्यानं!

रात्री साडेनऊला बाप-लेक निघाले. गावाबाहेर धुळे रस्त्याला निंबाला झोका बांधलेला, पोरी आखाजीची गाणी म्हणत होत्या. पुष्पाला तिथं स्वतः गाडी हाकत जायचं होतं. तिजेचा चंद्र मावळतीला टेकलेला. पोरगी नुसती फुललेली. "बाबा, देखा, मी चालवस!" आधार शेजारी बसून डोळे पुसत होता.

गिरणीचा फाटा आला आणि गाडी बंद पडली.

आधार उतरला. मागचं झाकण उघडलं. टॉर्च लावून पेट्रोलची नळी उपसली, तोंडानं फुंकली. झोक्यावरची गाणी ऐकू येत होती. मग ती थांबली.

"बाबा..."

"काय वं?"

"मन्हा बाजूले... कोनी तरी बठनं."

बाकडं करकरलं. त्या बाजूची चाकं दबली. जड माणूस बसल्यावर दबतात तशी.

"पुष्पे, मूठ सोड."

"मी कवयनी सोडी दिन्ही, बाबा..." पोरीनं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले.

आणि इंजिन सुरू झालं. पेट्रोलची नळी आधारच्या हातात. टॉर्चच्या उजेडात त्याला खालची दांडी दिसली. ती हळूहळू खाली चालली होती. वर पेडल नव्हतं. पाय नव्हता.

गाडी गिरणीकडे वळली.

ती गाडी बैलाच्या चालीची रे. पण आधार जीव खाऊन पळाला तरी त्याला ती गाठता येईना. पोरगी एकदाच ओरडली. मग काहीच नाही. टपटप इंजिन... लांब... आणखी लांब...

तो पोचला तेव्हा गाडी गिरणीच्या फाटकाला नाक लावून उभी होती. रिकामी. फाटकाला साखळी, साखळीला गंजकं कुलूप. बन्सीलाल सणाला गावी गेलेला. आत काळोख.

"पुष्पे..."

त्यानं साखळी ओढून पाहिली.

मग आतून आवाज आला. शांत. कंटाळलेला.

"ऊठ. चालायला लाग."

आधार फाटकावर चढला, काटेरी तारेत मांड्या फाटल्या, पलीकडे पडला. "सोड तिले!" तो बोंबलला. "मी येस, माले फिराव! तिले चालता येत नही रे..."

कुठंतरी भिंतीच्या मागे पावलं वाजत होती. अनवाणी. एकाच माणसाची. जवळ आली. लांब गेली. पुन्हा जवळ आली... आणि थांबली.

विहिरीच्या काठाशी पोरगी सापडली. श्वास चालू, डोळे उघडे, बोलणं बंद. आधारनं तिला पाठीवर टाकलं. घरी आला तेव्हा घड्याळात सव्वादहा. निघाल्यापासून पाऊण तास झाला होता, बस्स.

गाडी त्यानं दुसऱ्याच दिवशी घणानं फोडली. पोरगी आठवड्यानं बोलायला लागली, पण त्या रात्रीचं एक अक्षर नाही. कॉलेज नाही, झोका नाही. पाय होते तसेच लुळे. आधार तिच्यासमोर मान वर करून बघत नाही आजही.

पण त्या रात्री भागाबाईनं पोरीला खाटेवर घेतलं, आणि धूळ पुसायला म्हणून कंदील पायाशी धरला. तिनं हे स्वतः मला सांगितलं, खोटं बोलणारी बाई नाही ती. सोळा-सतरा वर्षं जमिनीला न लागलेले तळवे ते, सकाळीच तिनं तेल चोळलेलं, लोण्यासारखे मऊ होते.

त्यावर घट्टे होते. पिवळे, दगडासारखे, टाचांना खोल भेगा. तीस-चाळीस वर्षं अनवाणी राबलेल्या माणसाला पडतात, तसे.