ताईची भिंत

“आणि ही मधली भिंत कुणा अडाणी भाडेकरूनं घातलेली,” धाकटा भाऊ पाहुण्यांना सांगत होता, आणि कपांचा ट्रे घेऊन आलेली ताई दारातच थिजली. भाडेकरू? या घरात भाडेकरू राहिलाच कधी होता!

पाहुणे जुन्या घरांच्या डागडुजीला पैसा देणाऱ्या संस्थेचे होते. दिवाणखाना मुळात होता तसा एकसंध करायचा आणि तिथं वस्तीतल्या लहानथोरांच्या शिकण्याची सोय करायची, ही त्यांची अट. संस्थेच्या अध्यक्षबाई माना डोलावत होत्या, आणि भाऊ तर असा रंगात आला होता की विचारू नका!

ताईच्या अंगाची नुसती लाहीलाही झाली. वडील अंथरुणाला खिळले, जिना चढणं संपलं, तेव्हा दिवाणखान्यात ही भिंत घालून तिनंच त्यांच्यासाठी खोली केली होती. ठरलेलं लग्न मोडलं, नोकरी सोडली, आणि वडिलांचा अखेरचा श्वास संपेपर्यंत ती त्या भिंतीआड आपलं तारुण्य जाळत राहिली... कशासाठी? तर धाकट्याचं परदेशातलं शिक्षण अडू नये म्हणून! आणि त्या शिकल्यासवरल्या जिभेनं आज तिलाच घरातून पुसून टाकलं होतं.

तिनं ट्रे आदळला आणि त्याला स्वयंपाकघरात बोलावलं.

“ताई, आत्ता नको. घर दोघांच्या नावावर आहे, संस्थेच्या करारावर तुझी सही तेवढी राहिलीये.”

“मी भाडेकरू कधीपासून झाले रे?”

तो चपापला. “अगं, परक्यांपुढे कशाला घरातलं रडगाणं? भिंत जाणारच आहे, मग ती कुणी घातली याला काय महत्त्व?”

“रडगाणं म्हणतोस? भिंत खुशाल पाड. मुलं शिकणार असतील तर विटा मी स्वतः उचलीन. पण माझं केलेलं दुसऱ्याच्या माथी मारून पाडणार असशील, तर सही मिळायची नाही. जा, खरं काय ते सांग त्यांना.”

“सही दिली नाहीस तर पैसा हातचा जाईल, ताई.”

“जाऊ दे.”

तो खाली मान घालून बाहेर गेला. ताई मागोमाग दारात येऊन उभी राहिली.

“मघाशी मी खोटं बोललो,” तो पाहुण्यांना म्हणाला. “ही भिंत माझ्या बहिणीनं घातली. वडिलांचं सगळं तिनं एकटीनं केलं. मी... मी त्यांच्या शेवटच्या दिवशीसुद्धा आलो नाही. विमानाचं तिकीट होतं खिशात, तरी आलो नाही. ही भिंत बघवत नाही मला, म्हणून भाडेकरू म्हणालो.”

अध्यक्षबाईंनी हातातला कप खाली ठेवला. “मग राहू द्या की भिंत. तीही या घराचीच आहे. आम्ही अट बदलू.”

ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, पण आवाज खणखणीत होता. “नको. भिंतीमुळे अलीकडच्या भागात अंधार पडतो. शिकायला उजेड लागतो, बाई.”

तिनं सही केली. भावानं तिचा तोच हात धरून आपल्या डोळ्यांना लावला. तिनं तो सोडवून घेतला नाही. राग मात्र अजून गेला नव्हता, आणि तो जावा अशी तिला घाईही नव्हती.