ओरेस्टच्या लग्नाचे बार

महायुद्धातली, त्रेचाळीसच्या जूनमधली गोष्ट. आमच्या गस्ती बोटीवर सतरा जण, आणि त्यातल्या अकरा जणांनी भरती होईपर्यंत समुद्र पाहिलाच नव्हता. मी स्वतः कॅनडाच्या गव्हाळ मुलखात, रेजायनाच्या शाळेत गणित शिकवायचो. स्वयंसेवक म्हणून नाव दिलं आणि दोन वर्षांत कप्तान झालो, तरी सगळे मला मास्तरच म्हणत. सुकाणूवर ओरेस्ट, गव्हाच्या शेतातला गडी. त्या दिवशी दुपारी बाराला न्यूफाउंडलंड बेटावरच्या हेरन कोव्ह गावात त्याचं डॉर्कसशी लग्न होतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला जहाजांच्या ताफ्याबरोबर निघायचं होतं. परत कधी येणार, देवाला ठाऊक.

साडेअकराला, बोट गावाजवळ आली तेव्हा, धुकं उतरलं. गावच्या खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना खडक.

"ओरेस्ट, परत फिरूया," मी म्हणालो. "सतरा जीव आहेत."

त्याने सुकाणू फिरवायला घेतलं. लग्नासाठी त्याने गणवेशाला कडक इस्त्री केली होती.

तेवढ्यात धुक्यात बार झाला.

आमची गव्हाची पोरं तोफेकडे धावली. आचाऱ्याने तर बटाट्याचं पातेलंच डोक्यावर घातलं. हेरन कोव्हच्या शेजारच्या गावचा आमचा खलाशी हेडली पोट धरून हसत होता. "अरे येड्यांनो, पाणबुडी नाही ती. नवरा यायचा असला की आमच्याकडे बार काढतात. सासरवाडी बोलावतेय तुला, ओरेस्ट. आवाजाच्या रोखाने घे."

दर मिनिटाला एक बार. मी घड्याळ लावून पाहिलं, सेकंदाचाही फरक नव्हता. बोट खडकाकडे जरा कलली की लागोपाठ दोन. एवढ्या धुक्यातून आम्ही त्यांना दिसत कसे होतो, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. सगळे नवरदेवाला चिडवण्यात दंग होते.

लग्न वेळेवर लागलं. फिडल वाजलं, आम्ही बूट झिजेपर्यंत नाचलो. इतका आनंद मला युद्धात कधी झाला नव्हता. डॉर्कसच्या आईचे, केझायाबाईंचे, मी त्यांच्या घरी बारांबद्दल आभार मानले.

"बार?" त्या म्हणाल्या. "युद्धापासून बंदी आहे हो. आणि सगळं गाव तर चर्चमध्ये बसलं होतं."

मग त्यांनी भिंतीवरच्या लांब बंदुकीकडे पाहिलं. ती त्यांच्या नवऱ्याची. दोन वर्षांपूर्वी ते खाडीच्या तोंडाशी त्याच खडकांवर बोट आपटून बुडाले होते.

त्यांनी ती उतरवून एप्रनने नळी पुसली. एप्रन काळा झाला.

"बघा मास्तर, लेकीच्या लग्नालाही तशीच टांगून गेले," त्या लटक्या रागाने म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं सांगतेय, पुसून ठेवत जा म्हणून."

मी नळीला हात लावला. अजून गरम होती.