बोटभर ढील

पिवळ्या टाकीच्या खांद्यापासून पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर सकाळी बारा सेंटिमीटर होतं. आता ते साडेनऊ होतं.

यशोधरानं फूटपट्टी पुन्हा लावून पाहिली. साडेनऊच! टाकीच्या रंगावर घासल्याच्या ताज्या, उभ्या रेघा उठल्या होत्या. त्याही बरोबर अडीच सेंटिमीटर लांब होत्या.

"ताई, तू सुट्टीतही मोजमापं काढतेस!" मिलिंद म्हणाला. "आई म्हणाली होती, मामाकडे जाऊन मजा करा. तू टाकीला शाळेत घातलंस!"

"गप बस. लिहून घे. मंगळवार, पाण्यात वीस मिनिटं, टाकी अडीच सेंटिमीटर खाली सरकली."

"मी का लिहू? मी काय तुझा कारकून?"

पण त्यानं लिहिलं. यशोधरा तेरा वर्षांची होती, मिलिंद दहाचा, आणि दिवाळीच्या सुट्टीत तरी तिच्याशी भांडण न काढायचं त्यानं ठरवलं होतं.

दोघं कर्जतहून एस.टी.नं कशेळ्याला आणि तिथून पायी खैरपाड्याच्या धरणावर आली होती. धरणातून पाणी सोडायच्या मोरीचं लोखंडी दार अडकलं होतं. पावसाळ्यात वाहून आलेलं एखादं झाड त्यात रुतलं असावं. दार उघडलं नाही तर खालच्या गावांच्या वाल-हरभऱ्याला आणि उन्हाळी भाताला पाणी मिळणार नव्हतं. म्हणून मुंबईच्या गोदीत पाणबुड्याचं काम करणाऱ्या वाल्मिकमामाला बोलावलं होतं. पाठीवर हवेची टाकी बांधून तो तीस-पस्तीस फूट खाली उतरायचा आणि ओंडक्याचा एकेक भाग करवतीनं कापायचा.

पूर्वी टाकी पाठीवरच्या पत्र्याच्या फळीला लोखंडी कड्यांनी बसवत. चार बोल्ट आवळायला अर्धा तास जाई. या वेळी कंत्राटदारानं नव्या तऱ्हेचे पट्टे पाठवले होते. फळीत ओवलेला रुंद नायलॉनचा पट्टा टाकीभोवती घ्यायचा, ओढायचा आणि खटका दाबायचा. टक्! टाकी बसली.

"एका मिनिटाचं काम!" सुपरवायझर दळवी कौतुकानं सांगायचे. "विलायती माल आहे, विलायती!"

पट्टे बांधायचं काम त्यांनी नामाला दिलं होतं. नामा तिथल्याच पाड्यावरचा. भातकापणीच्या दिवसांत त्याच्यासारखा भारा बांधणारा आसपास कोणी नव्हता. त्याची मुलगी मंगळी आणि पुतण्या कमळ्या पहिल्याच दिवशी या दोघांचे दोस्त झाले होते.

त्या संध्याकाळी धरणाचे इंजिनियरसाहेब सायकल हातात धरून मामासमोर उभे राहिले.

"वाल्मिक, तुमचा दोर कोणाकडे द्यायचा ते ठरलं का? नाव लिहून द्यावं लागतं मला."

"बघू, साहेब."

"कालही बघूच म्हणालात."

मामा टाकी पुसू लागला. पाणबुड्याच्या कमरेला एक दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. खालून दोनदा ओढलं तर ढील द्या. चारदा ओढलं तर वर घ्या. अठरा वर्षं मामाचा दोर काळूरामनं धरला होता. गेल्या श्रावणात काळूराम आजारानं गेला. तेव्हापासून मामानं कोणाचंच नाव घेतलं नव्हतं. दोर तूर्त दळवीच धरत. एका हातात दोर, दुसऱ्या हातात विडी!

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं शेडमागच्या पेंढ्याच्या उडवीआड दडून बसली. ही कल्पना कमळ्याची.

"आठ वाजता काका पट्टा बांधतो," तो कुजबुजला. "दहाला मामा पान्यात उतरतो. मंग मधल्या दोन तासांत कोनीतरी खटका उघडतंय! मला तर त्यो दळवीच वाटतोय."

"दळवींना खटका उघडता येत नाही," मिलिंद म्हणाला. "परवा बोट अडकलं तर केवढे ओरडले!"

मंगळी तोंडावर हात दाबून हसली.

यशोधरा हसली नाही. नामाकाका बाहेर पडताच ती शेडमध्ये शिरली आणि तिनं भाताची एक काडी खटक्याखाली अलगद सरकवली. कोणी खटका हलवला तर काडी मोडणारच. दहा वाजता तिनं पाहिलं. काडी जशीच्या तशी होती.

त्या दिवशी मामा पस्तीस मिनिटं खाली होता. वर आल्यावर फूटपट्टीनं साडेसात दाखवलं.

"साडेचार सेंटिमीटर!" मिलिंदनं स्वतःहून लिहिलं. त्याचा आवाज बारीक झाला होता. "ताई, काठावर तर कोणीच हात लावला नाही."

"म्हणजे जे होतंय ते पाण्यात होतंय," यशोधरा म्हणाली. "आणि जितका जास्त वेळ, तितकं जास्त."

ती सरळ दळवींकडे गेली. त्यांनी वही हातात घेतली, उलटीच धरली आणि परत दिली.

"पोरी, हा पट्टा पन्नास किलो तोलतो. तू अभ्यास कर, मी काम करतो. काय?"

मामानं मात्र वही नीट वाचली. बराच वेळ वाचली.

"मला वाटलं, दमल्यामुळे हवेची नळी ओढल्यासारखी लागतेय," तो हळूच म्हणाला. "टाकी खाली सरकली की तोंडातलं रबर ओढलं जातं. उद्या मोरीच्या तोंडात शिरायचंय. जागा अरुंद आहे."

"मग उद्या नको ना उतरू!"

"खाली माणसं पाण्याची वाट पाहतायत, यशू. खटका मी स्वतः दाबून बघेन."

गुरुवारी त्यानं खटका खरोखरच दाबून पाहिला. टक्! पक्का बसलेला. दोष खटक्यात नव्हताच.

मामा बांधावरून निघाला तेव्हा यशोधरा शेडमागच्या पाण्याच्या टाक्यापाशी बसली होती. तिच्यासमोर मंगळीच्या घरची ॲल्युमिनियमची दुधाची किटली होती. पेटीतला एक जादा पट्टा तिनं किटलीभोवती आवळला होता. शेजारी तशीच दुसरी किटली, तिला अंबाडीचा दोर. दोन्ही किटल्या वाळूनं भरलेल्या होत्या आणि दोन्हींवर कोळशानं खूण केलेली होती.

"काका कसा बांधतो, तसाच बांध," तिनं मंगळीला सांगितलं होतं. मंगळीनं पट्टा गच्च ओढला, मग बोटभर मागं सोडला आणि खटका दाबला. दोरही तसाच, बोटभर सैल ठेवून बांधला.

दोन्ही किटल्या पाण्यात सोडून काठीला टांगल्या. अर्धा तास झाला. कमळ्यानं दोराची किटली वर काढली. दोर इतका आवळला होता की नखसुद्धा आत शिरेना.

"बघ! ह्यो तर दगड झाला!"

मग यशोधरा पट्ट्याची किटली उचलायला गेली. पट्टा वर आला. किटली आली नाही. ती टाक्याच्या तळाशी पडलेली होती.



"अंबाडी भिजली की आखडते," यशोधरा सावकाश म्हणाली. "नायलॉन भिजलं की ताणतं. काका दोरासारखी ढील ठेवतो..."

पुढचं तिनं गिळलं. मंगळीचा चेहरा उतरला होता.

"माझ्या बाला कामावरनं काढतील," मंगळी म्हणाली. "समदे म्हनतील, नामानं मामाला मारलं आसतं."

खोटं सांगणं यशोधराला जमत नसे. तिनं मंगळीचा हात धरला. तेवढ्यात मंगळीनंच हात सोडवला आणि ओली किटली उचलली.

"बसलीस काय गं? मामा पान्यात गेला आसंल! पळ!"

चौघं बांधावरून धावत सुटली. मिलिंदची चप्पल तुटली, ती त्यानं तिथंच टाकली. मामा उतरायचा त्या मोरीच्या मनोऱ्यापाशी पोचेपर्यंत उशीर झाला होता. मामा खाली गेलेला होता. पाण्यावर बुडबुडे येत होते. दळवींनी दोर कठड्याला एक वेढा देऊन ठेवला होता आणि ते काडेपेटी शोधत होते. नामा पलीकडे जादा करवत पुसत उभा होता.

"मामाला वर घ्या!" यशोधरा ओरडली. "पट्टा सुटतोय!"

"पुन्हा आलीस? अगं, आत्ताच तर..."

दोर हलला. मिलिंदनं कठड्यावर पोट टेकून मोजलं. "एक, दोन... तीन, चार! चार!"

"दोनच होते," दळवी म्हणाले आणि त्यांनी दोर सैल सोडला. "ढील मागतोय तो."

"चार! मी मोजले!"

"गप रे!"

बुडबुडे एकदम थांबले.

नामानं करवत टाकली. दोन ढांगांत तो कठड्याशी आला. दळवींच्या हातातला दोर त्यानं कसा काढून घेतला ते कोणालाच दिसलं नाही. पाय कठड्याला टेकून तो हात बदलत सारख्या वेगानं दोर ओढू लागला. एकही हिसका नाही. कमळ्या मागं उभा राहून दोराची वेटोळी घेत होता. सगळे पाण्याकडे पाहत होते. यशोधरा मनात आकडे मोजत होती. बावीस. तेवीस. चोवीस.

एकतीसला मामाचं डोकं वर आलं.

त्याच्या तोंडात रबर नव्हतं. टाकी पाठीवर नव्हती. ती पट्ट्यातून निसटून, खांद्यात अडकलेल्या नळीच्या टोकाला त्याच्या गुडघ्यांशी लोंबत होती. नामानं त्याला काखेत धरून पायऱ्यांवर घेतलं. मामा खोकला, पाणी ओकला, पुन्हा खोकला. मग त्यानं डोळे उघडले.

"चारदा ओढलं मी," तो म्हणाला.

मिलिंद रडू लागला.

तासाभरात इंजिनियरसाहेब आले. दळवी त्यांना पुढं होऊन भेटले.

"साहेब, माल चांगला आहे. बांधणाऱ्याची चूक. पट्टा ह्या नामानं बांधला होता."

साहेबांनी नामाकडे पाहिलं. मंगळी बापाच्या धोतराला धरून उभी होती.

"हां साहेब," नामा म्हणाला. "मीच बांधला. आमी भाताचा भारा बांधतो तवा दोर बोटभर सैल ठेवतो. भिजला की तो आपला आपन आवळतो. आधीच गच्च बांधला तर गाठ सुटत नाय, इळ्यानं कापाया लागते. मला वाटलं, ह्यो पट्टा बी तसाच. मामा दमून वर येतो, त्याला लगेच सोडता याया पायजे, म्हून ढील ठेवली. चूक माझीच हाय."



"चूक झाली हे खरं," यशोधरा पुढं होऊन म्हणाली. "पण साहेब, हा पट्टा वेगळा आहे हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. हे बघा."

तिनं टाक्यावरून आणलेल्या दोन्ही किटल्या मांडल्या. वही दिली. साहेबांनी मंगळवार वाचला, बुधवार वाचला. ओला दोर आणि ओला पट्टा त्यांनी हातांनी ताणून पाहिले.

"दळवी, पेटीत पट्ट्यांबरोबर काही छापील कागद आला होता का?"

"नाही... म्हणजे, आठवत नाही साहेब."

"मला आठवतं!" मिलिंद नाक पुसत म्हणाला. तो शेडकडे पळाला आणि घडी घातलेला, मळकट कागद घेऊन आला. "ह्यांचं टेबल डगमगत होतं ना, त्याच्या पायाखाली होता! मी गोट्या शोधायला खाली गेलो होतो."

साहेबांनी इंग्रजी मजकूर मोठ्यानं मराठीत सांगितला. "पट्टा आधी पाण्यात पूर्ण भिजवावा. ओला असतानाच शेवटपर्यंत आवळावा. मगच खटका बंद करावा."

दळवींच्या हातातली विडी केव्हाच विझली होती.

"चार दिवस हा कागद तुमच्या टेबलाखाली होता," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी. "आजपासून पाण्याशी तुमचा संबंध नाही. बाकीचं मी कंत्राटदाराला लिहीन." मग ते मुलांकडे वळले. "मुलांनो, तुम्ही आज एका माणसाचा जीव वाचवलात. आणि यशोधरा, ही वही मला हवी आहे. ऑफिसात राहू दे."

"वहीत मंगळीचं पण नाव लिहा," यशोधरा म्हणाली. "पट्टा तिनंच बांधून दाखवला. आणि 'पळ' असं आधी तीच म्हणाली."

साहेबांनी खिशातलं पेन काढलं आणि तिथंच नाव लिहिलं. मंगळीनं वाकून ती अक्षरं पाहिली.

मामा घोंगडी पांघरून पायरीवर बसला होता. त्यानं बादली मागवली. पट्टा पाण्यात बुडवला, टाकीभोवती घेतला आणि नामाच्या हातात दिला. नामा जरा थबकला. मग त्यानं पट्टा ओढला, शेवटपर्यंत, आणि खटका दाबला. यशोधरानं फूटपट्टी लावली. बारा.

"आज आणि उद्या विश्रांती," साहेब म्हणाले. "परवा सकाळी ओंडक्याचा शेवटचा तुकडा. पण वाल्मिक, आता 'बघू' चालणार नाही. दोराचं नाव मला आज पाहिजे."

मामा पाण्याकडे पाहत राहिला. वारा पडला होता आणि मोरीच्या तोंडाशी पाणी अगदी निश्चल होतं. कठड्याला अजून तो दोर होता, कमळ्यानं घेतलेल्या सारख्या वेटोळ्यांत. मामानं त्याचं टोक उचललं, तळहातावर क्षणभर धरलं आणि मान वर केली.

"लिहा, साहेब," तो म्हणाला. "माझा दोर नामा धरील."