संगीत : बान हेसू

“तुम्ही जरा गुणगुणणं थांबवता का… प्लीज?”

हेसू दचकून थांबली. धक्क्यावर, दोरखंडाच्या वेटोळ्यावर एक तरुण बसला होता. कानांवर मोठे हेडफोन, हातात लांब काठी आणि काठीच्या टोकाला झोपलेल्या मांजरासारखं काहीतरी केसाळ. तो माइक होता. वारा शिरू नये म्हणून त्याला अंगरखा घातलेला.

“का थांबवू?”

“मी समुद्र टिपतोय. आणि माझ्या समुद्रात मघापासून एक बाई गातेय.”

“समुद्र तुमचा आहे का?”

“नऊ वाजेपर्यंत आहे,” तो गंभीरपणे म्हणाला. मग अडखळत म्हणाला, “आणि… वरचा सूर तुमचा जरासा चढा लागला. जरासाच हं.”

फेब्रुवारीचा वारा गालाला झोंबत होता, तरी हेसूचे गाल तापले. सूर खरंच चढा लागला होता, राग त्याचाच जास्त आला. खांद्यावरची बॅग सावरत ती म्हणाली, “पाच वर्षं झाली मी सूर लिहितेय. आजवर कुणी सांगितलं नव्हतं.”

“मग पाच वर्षं तुम्ही फार सभ्य माणसांत राहिलात,” तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचा एकच डोळा बारीक झाला. हेसूने ते नको असताना पाहून ठेवलं.

मागून दिग्दर्शिका मिन मॅडमची हाक आली. “अगं आलीस? बरं झालं! मुजिन, ही आपली संगीतकार, बान हेसू. आणि हेसू, हा मुजिन. आपल्या सिनेमाचा सगळा आवाज याच्या हातात.”

मुजिनने हेडफोन काढले, उठला आणि इतका खाली वाकला, की काठीवरचं मांजर जमिनीला टेकलं.

“संगीतकार म्हणालात?” वाकल्या वाकल्या त्याने विचारलं.

“हो.”

“मग मी असाच वाकून राहतो. वर बघायची सोय नाही आता.”

हेसूला हसू आवरलं नाही.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तोंगयंग हे तिचं गाव. इथल्याच कालवांच्या शेडमध्ये तिची आई एकतीस वर्षं शिंपल्यांतली कालवं सोलत आली होती. हेसू शाळेत असताना शिक्षकांनी तिच्या हातात जुना पितळी हॉर्न दिला. तो फुंकायला ताकद लागायची, म्हणून आई तिला रोज दोन अंडी जास्त घालायची. पुढे सेऊलला शिक्षण झालं आणि थोर संगीतकार योम सरांच्या हाताखाली काम मिळालं. पाच वर्षांत अकरा सिनेमे झाले. चाली हेसूच्या, वाद्यमेळ हेसूचा आणि पडद्यावर नाव योम सरांचं. प्रत्येक सिनेमाला आई थिएटरात अगदी शेवटपर्यंत बसायची. लोक उठून जायचे, सफाईवाला झाडू घेऊन यायचा आणि आई वर सरकणाऱ्या बारीक अक्षरांत लेकीचं नाव शोधत राहायची. फोनवर विचारायची, “या वेळी फार भरभर गेलं गं. होतं ना तुझं?” हेसू म्हणायची, “होतं की.”

मिन मॅडमना मात्र कुठूनसं खरं कळलं होतं. “मला योम सर नकोत,” त्या म्हणाल्या होत्या, “त्यांच्या मागच्या खोलीत बसून लिहिते ती मुलगी हवी.” कालवं सोलणाऱ्या बायकांवरचा हा सिनेमा हेसूचा पहिला होता. अगदी तिचा स्वतःचा.

मुजिनशी तिचं भांडण दुसऱ्याच दिवशी जुंपलं. सिनेमातला शेवटचा प्रसंग सात मिनिटांचा होता. पहाटेची शेड, ओळीने बसलेल्या बायका, एक शब्दही नाही.

“इथे संगीत नको,” मुजिन म्हणाला.

“इथे पूर्ण वाद्यवृंद हवा,” हेसू म्हणाली.

“सात मिनिटं? प्रेक्षकांना श्वास तरी घेऊ द्याल?”

“माझ्या संगीताने कुणी गुदमरलेलं ऐकलं नाही.”

“कसं ऐकाल? तुमचं संगीत चालू असेल ना!”

मिन मॅडम दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत चहा पीत होत्या. “भांडा, भांडा,” त्या म्हणाल्या. “सिनेमा चांगला होणार बहुतेक.”

तिसऱ्या दिवशी मुजिन तिला शेडमध्ये घेऊन गेला. स्वतःचे हेडफोन त्याने तिच्या कानांवर ठेवले – हळूच, केस अडकू नयेत म्हणून एक बट बोटाने बाजूला करून. लहानपणापासून हेसूने ही शेड ऐकली होती. पण आज माइकमधून ती कानाच्या इतक्या जवळ आली, की तिला अनोळखी वाटली. सुरी शिंपल्याच्या फटीत शिरते तो कट्ट आवाज. मग ओला, मऊ सुटण्याचा आवाज. रिकामा शिंपला ढिगावर पडतो तो. एकतीस जणींच्या एकतीस लयी, कधी विस्कटणाऱ्या, कधी अवचित एकत्र येणाऱ्या. आणि त्यातली एक लय… आईची. हेसूने ती डोळे मिटून ओळखली. तिच्या पापण्या भिजल्या.

दुसरीकडे बघत मुजिनने खिशातला रुमाल तेवढा पुढे केला.

दुपारी दोघं बंधाऱ्यावर बसली. किंबापच्या, म्हणजे समुद्रशेवाळात वळलेल्या भाताच्या, छोट्या गुंडाळ्या, तिखट माकुल आणि मुळ्याचं लोणचं. बोटं लाल झाली होती.

“पहिली दोन मिनिटं तुमची,” हेसू म्हणाली. “नुसत्या सुऱ्या. मग एकच हॉर्न, फार लांबून आल्यासारखा. बाकीची वाद्यं त्याच्या मागून.”

मुजिन घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला.

“काय झालं? कमी पडतात दोन मिनिटं?”

“नाही… मी सव्वा मिनिटावर तडजोड करायला तयार होतो.”

“आधी सांगायचंत!”

“आता नाही. आता दोनच.”

पुढचे तीन आठवडे कसे गेले, हेसूला कळलं नाही. आईच्या घरातल्या, खालून तापवलेल्या उबदार जमिनीवर कागद पसरून ती लिहीत होती. संध्याकाळी मुजिन दिवसभर टिपलेलं घेऊन यायचा. बोटीची घंटा, चहाच्या किटलीची शीळ, शेडमधल्या मावश्यांची हसणी. “हे सिनेमात लागणार आहे?” ती विचारायची. “नाही… असंच. तुम्हाला आवडेल वाटलं,” तो म्हणायचा. बाकी सगळं कसं धडाधड बोलायचा, पण अशा वाक्यांपाशी हमखास अडखळायचा. हेसूला ते अडखळणं फार आवडायला लागलं होतं. एका संध्याकाळी तिने त्याला, आई थिएटरात नाव शोधत बसते, तेही सांगून टाकलं.

आणि मग निर्मात्याचा फोन आला. वितरकांना मोठं नाव हवं होतं. पोस्टरवर ‘संगीत : योम’ असं छापायचं, खाली लहान अक्षरांत ‘साहाय्य : बान हेसू’. ध्वनिमुद्रणाला वाद्यवृंदासमोर योम सरच उभे राहणार होते. मिन मॅडम दोन दिवस निर्मात्याशी तावातावाने भांडल्या आणि हरल्या.

“ठीक आहे,” हेसू म्हणाली.

“ठीक आहे?” मुजिन जवळजवळ ओरडलाच. “काय ठीक आहे यात?”

“सिनेमा तरी पूर्ण होईल. मला सवय आहे.”

“याची सवय होऊ देतं का कुणी? तुमची आई पुन्हा अंधारात बसून नाव शोधणार…”

“माझ्या आईचं नाव काढू नका!” हेसूचा आवाज चिरकला. “तुम्ही समुद्र टिपता, समुद्र कधी कुणाला कामावरून काढत नाही. माझ्या जगात योम सर एक शब्द बोलले, तर माझा फोन कायमचा गप्प होईल. तुम्हाला काय कळणार?”

दुसऱ्या दिवशी पक्ष्यांचे आवाज टिपायचं निमित्त काढून मुजिन समोरच्या बेटावर निघून गेला.

हेसूने आईला सांगितलं ते शेडमध्येच, तिच्या शेजारी उकिडवं बसून. सिनेमाचंही सांगितलं आणि आधीच्या अकरांचंही. आईची सुरी क्षणभर थांबली, पुन्हा चालू झाली.

“एकतीस वर्षं कालवं सोलतेय मी,” आई म्हणाली. “खोक्यावर नाव कंपनीचं. मला कधी वाईट नाही वाटलं. कालव समुद्राने केलेलं, मी नुसतं सोलते.” रिकामा शिंपला तिने ढिगावर टाकला. “पण तू सोलत नाहीस गं पोरी. तू करतेस. समुद्राने कधी आपल्या कालवावर दुसऱ्याचं नाव घातलंय?”

मग बाहीने नाक पुसत म्हणाली, “आणि अकरा वेळा माझ्याशी खोटं बोललीस, त्याचं मी नंतर बघते.”

ध्वनिमुद्रण टेकडीवरच्या सभागृहात होतं. सकाळचं ऊन खिडक्यांतून आत आलं होतं. अठ्ठेचाळीस वादक आपापली वाद्यं लावत होते. हेसू काचेमागच्या खोलीत आली, तेव्हा तिथे मुजिन बसला होता. बेटावरून तो चार दिवसांनी, त्याच सकाळी परतला होता. त्याने हेसूला मान लववून नमस्कार केला आणि पुन्हा समोरच्या बटणांकडे वळला. तिच्या मागे मिन मॅडम आणि निर्माते होते. काचेपलीकडे पांढऱ्याशुभ्र केसांचे योम सर हातातली काडी वर उचलत होते.

शेवटच्या प्रसंगाची वेळ आली, तेव्हा हॉर्न वाजवणाऱ्या प्रौढ बाईंनी हात वर केला.

“सर, अकराव्या पानावर मला बराच वेळ काहीच नाही. बाकी कुणालाच नाही. मग एकदम एकटा सूर. छपाईत काही गळलंय का?”

योम सरांनी पान उलटलं, पुन्हा मागे घेतलं. “गळलं असावं. चेलोंचा भाग आधी घेऊ, त्यांच्याबरोबर वाजवा तुम्ही. सुरुवातीपासून.”

हेसू मुजिनच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. त्या रिकाम्या जागेत शेड होती. आई होती. तिथे आता चेलो वाजणार होते.

“ते बटण दाबा,” ती म्हणाली.

चार दिवसांत पहिल्यांदा मुजिनने तिच्या डोळ्यांत पाहिलं. “कोणतं?”

“ज्याने माझा आवाज आत जातो ते.”

“हेसू, थांब,” निर्माते म्हणाले. पण मुजिनचं बोट बटणावर पोहोचलं होतं. त्याने ते इतकं घट्ट दाबलं, की नख पांढरं पडलं.

“काही गळलेलं नाही,” हेसू म्हणाली. सभागृहभर तिचा आवाज घुमला आणि तिची तीच दचकली. तरी थांबली नाही. “तिथे एकतीस बायका काम करताहेत. त्यांच्या सुऱ्यांचा आवाज आहे. त्यावर कुणी वाजवायचं नाही. हॉर्नने दोन मिनिटं नुसतं ऐकायचं… आणि मग त्यांची परवानगी घेतल्यासारखं आत यायचं.”

अठ्ठेचाळीस माना काचेकडे वळल्या.

“हे कुणी लिहिलंय?” हॉर्नवाल्या बाईंनी विचारलं.

“मी. बान हेसू.” तिने श्वास घेतला. “सगळं. पहिल्या पानापासून.”

योम सरांनी समोरचं पान मिटलं. मग त्यांनी काडी खाली ठेवली आणि काचेकडे वळून म्हणाले, “माझं नाव काढा पोस्टरवरून. या वयात दुसऱ्याच्या सुरांबद्दल उत्तरं देणं जमत नाही मला. हेसू, ये. उभी राहा इथे.”

दारात दोघं समोरासमोर आली, तेव्हा ते हलकेच म्हणाले, “हे बोलायला फार वाट पाहायला लावलीस.”

ते खरं होतं, की गेलेली अब्रू सावरणं होतं, हेसूला पुढेही कधी ठरवता आलं नाही. तरी ती त्यांच्यासमोर पूर्ण वाकली. हॉर्नसाठी लिहायला तिला त्यांनीच शिकवलं होतं.

मग ती वाद्यवृंदासमोर उभी राहिली. स्पीकरमधून मुजिनने टिपलेल्या सुऱ्या वाजू लागल्या आणि दोन मिनिटं अठ्ठेचाळीस माणसं नुसती ऐकत बसली. व्हायोलिनच्या मागच्या रांगेतल्या एका मुलीने डोळे टिपले. मग हेसूने डावा हात उचलला. हॉर्न आला, लांबून, धुक्यातून वाट काढत येणाऱ्या बोटीसारखा. त्यामागे चेलो, मग व्हायोलिन, आणि शेवटी सगळं सभागृह भरतीच्या पाण्यासारखं चढत गेलं.

शेवटचा सूर विरला, तेव्हा वादकांनी पाय आपटून तिला दाद दिली. काचेमागे निर्माते फोनवर सांगत होते, “हो, पोस्टर बदला. हो, मोठ्या अक्षरांत.”

दुपारी मिन मॅडमनी शेडमधून आई आणि तीन मावश्यांना बोलावून घेतलं. त्या रबरी बुटांतच आल्या आणि मखमली खुर्च्यांच्या कडेवर अवघडून बसल्या. सकाळचं ध्वनिमुद्रण लागलं आणि सातही मिनिटं आई हलली नाही. संपल्यावर शेजारी बसलेल्या हॉर्नवाल्या बाईंना तिने कोपराने ढोसलं. “ही माझी मुलगी,” ती म्हणाली. “दोन अंडी जास्त घालायचे मी.”

हेसू बाहेर पायऱ्यांवर आली. खाली ऊन पडलेली खाडी, तिच्यात कालवांच्या शेतीवर तरंगणाऱ्या बोयांच्या ओळी. मागोमाग मुजिन आला.

“त्या दिवशी मी तुमच्या आईचं बोलायला नको होतं.”

“बोललात तेच बरं झालं. उगाच नाही लागलं ते मला.”

“आणि… अजून एक वाक्य आहे. चार दिवस त्या बेटावर तेच घोकत होतो. पक्ष्यांचा एक आवाज धड टिपला नाही.”

“मग म्हणा ना.”

“मी म्हणणार होतो, की तुमचं संगीत मला आवडतं. पण ते अर्धंच आहे. म्हणजे आवडतंच… पण त्याच्या आधी… त्या धक्क्यावर, संगीत-बिंगीत काही माहीत नव्हतं, तेव्हाच तू… तुम्ही…”

“तूच राहू दे,” हेसू म्हणाली.

वाऱ्याने तिचे केस तोंडावर आणले. तिने ते तसेच राहू दिले. त्याने हात पुढे केला, एक बट बाजूला केली… आणि हात मागे न्यायचा विसरला.

दार उघडलं. आई आणि तीन मावश्या रबरी बूट वाजवत बाहेर आल्या आणि जागच्या जागी उभ्या राहिल्या. मुजिनने हात चटका बसल्यासारखा खेचला. पण हेसूने तो मध्येच पकडला.

“आई,” ती म्हणाली, खालच्या धक्क्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, “हा मुजिन. आवाज टिपतो. मला हा आवडतो.”

मावश्यांत खसखस पिकली. मुजिन कानापर्यंत लाल झाला आणि कंबरेत वाकला. आईने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. चुरगळलेला शर्ट, विस्कटलेले केस, लेकीच्या मुठीत अडकलेला हात.

“ताठ उभा राहा रे,” ती म्हणाली. “बान हेसूच्या शेजारी उभा आहेस.”

आणि तो ताठ उभा राहिला.