साठ सेकंदांचा किलोमीटर

पहिल्या भेटीत तो मला दिसलाच नाही, दिसले फक्त त्याचे पाय. पारोळा रोडवर भाईदासनानांचं गाड्यांचे मीटर दुरुस्त करायचं दुकान होतं. तिथल्या एका जीपच्या दारातून धुळीने माखलेले दोन पाय बाहेर आले होते. मी त्या पायांनाच म्हणाले, “अहो… आमच्या गाडीचा काटा खोटं बोलतो.”

“थोडं… की भरपूर?” पायांनी विचारलं.

आणि डॅशबोर्डखालून एक चेहरा वर आला. कपाळावर ग्रीस, डोळ्यांत हसू. “भ… भरपूर,” मी कसंबसं म्हणाले.

बारा वर्षं झाली त्याला. पण थंडीत कापसाच्या गाड्या निघाल्या, बाभळींना कापूस लटकला, की मी आजही तेवीस वर्षांची होते.

त्याचं नाव हेमराज. फैजपूरकडचा, केळीवाल्यांच्या घरातला. शेतातल्या मोटारी खोलता खोलता नानांकडे शिकायला आलेला. आणि मी विधी, आग्रा रोडवरच्या कापड दुकानदार सोहनलालजींची मुलगी. पपा लोकांना ऐटीत सांगायचे, “मी ऐंशीच्या खाली चालवतच नाही.” लग्नाला मात्र पोचायचे सगळ्यांच्या शेवटी!

हेमराजने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरवर टिचकी मारली. “बदललेत ना? मूळच्यापेक्षा लहान आहेत. लहान चाक जास्त गरगर फिरतं, मीटरला वाटतं गाडी फार पळाली. आधी खोट किती ते मोजू.”

“मोबाईलवर कळतं की.”

“कळतं. पण मॅडम, रस्त्यावरच्या दगडाला रेंज लागत नाही.”

सोनगीरच्या अलीकडच्या सरळ पट्ट्यावर आम्ही गेलो. मागच्या सीटवर नाना, बसल्या बसल्या घोरायला लागलेले. हेमराजने काटा साठवर धरून ठेवला. एका किलोमीटरच्या दगडाशी मी घड्याळ चालू करायचं, पुढच्या दगडाशी थांबवायचं. साठने गाडी असेल तर बरोब्बर साठ सेकंद.

“बहात्तर,” मी म्हणाले.

“म्हणजे खरा वेग पन्नास. तुमचे पपा लई सावकाश माणूस आहेत…”

मी इतकी हसले की नाना जागे झाले.

मीटरच्या केबलच्या टोकाचं छोटं चाक बदलून त्याने काटा जुळवला. पुढच्या गुरुवारी पुन्हा फेरी. दगड जवळ आला, माझा अंगठा घड्याळावर… आणि मनात आलं, साठ झाले की संपलं. मग कशाला यायचं मी इथे? दगड मागे गेला. मी मनात चार मोजले, मग अंगठा दाबला.

“चौसष्ट,” मी खिडकीबाहेर बघत म्हणाले.

त्याने एकदा काट्याकडे बघितलं. “अस्सं… मग पुढच्या गुरुवारी बघू.”

असे तीन गुरुवार मी चोरले. सोनगीरला चहा, त्याच्या आईच्या वांग्याच्या भरताच्या गोष्टी, माझ्या ओढणीला लागलेला कापूस काढावा की नाही म्हणून घुटमळलेला त्याचा हात… मी वेड्यासारखी प्रेमात पडले होते, आणि घरी निर्लज्जपणे सांगत होते, “अजून चुकतोय, पपा.”

चौथ्या गुरुवारी पपा स्वतः दुकानात आले. “नाना, एक काटा जुळवायला महिना? माणूस बदला, नाहीतर मी दुकान बदलतो. बाजारातही सांगतो सगळ्यांना.”

नानांचा चेहरा पडला. “मन्हा दुकानमा असं कधी व्हयनं नही.” मग हेमराजकडे न बघताच म्हणाले, “आते मीटरले हात लाऊ नको.”

हेमराजने मान खाली घातली. पान्हे पुसून एकेक करून फळीवर ठेवू लागला.

चूक माझी आणि पाय त्याच्या पोटावर! बोलावं तर पपांसमोर सगळंच उघडं… न बोलावं तर तो गेलाच.

“पपा, काटा बरोबर आहे. पहिल्याच दुरुस्तीत बरोबर झाला होता. घड्याळ मी उशिरा थांबवत होते.”

“का?”

“…फेरी संपू नये म्हणून.”



“मले माहीत होतं,” हेमराज हळूच म्हणाला. घाबरला की त्याची घरची बोली बाहेर येई. “सेकंद मीही मनात मोजत होतो. काट्याला परत हातच नाही लावला. नुसती काच पुसून द्यायचो.”

“मग बोलला का नाहीस?” पपा ओरडले. “नाव तुझं खराब झालं ना!”

“बोललो असतो, तर… मॅडम पुढच्या गुरुवारी आल्या असत्या का, काका?”

मला रडूच फुटलं. नाना तोंडावर उपरणं धरून हसत होते. पपा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत राहिले. किती वेळ, ते मात्र कोणी मोजलं नाही.

मग त्यांनी किल्ली उचलली आणि दारात थबकले. “आमच्याकडे सूर्य मावळायच्या आत जेवतात. साडेपाचला ये, बोलू. आणि घड्याळ तुझं बघ, हिचं नको.”

तो पाच वाजताच आमच्या फाटकाशी येऊन उभा होता.