पाठ टेकायचा दगड

"परत चटई! काल उचलली, परवा उचलली, आज परत हजर! चटई आहे की गवत? रोज उगवते!"

तानिएरा काका मचाणावर बसून स्वतःशीच करवादत होते. त्यांच्या बरोबर खाली, मचाणाच्या सावलीत, तिघं जण पोटावर पालथे पडून श्वास रोखून होते. शाळेला सुट्टी लागली की गावातल्या आयांना एकदम शंभर कामं आठवतात, त्यामुळे तिघांना लपणं भागच होतं.

"शुक्रवारी पाहुणे येणार," काका पुढे पुटपुटले. "दिवे लागायला हवेत. जनरेटर ठेवू कुठे, डोक्यावर? अख्ख्या मनेआबात एक जागा रिकामी, आणि तिथे रोज ही चटई!"

मचाण करकरलं. काका उतरले आणि चटईची गुंडाळी काखेत मारून तरातरा निघून गेले.

"गेले!" योतेबा बाहेर सरपटला. तो तेरा वर्षांचा, म्हणून स्वतःला या टोळीचा कप्तान समजायचा. "ऐकलंत? कोण ठेवत असेल ती चटई?"

"भूत," बिरिबो म्हणाला. त्याच्या तोंडात खोबरं होतं. बिरिबोच्या तोंडात नेहमीच काहीतरी असायचं.

"भुतं चटया विणत नाहीत," टीरिया म्हणाली.

"तू विचारलंस का त्यांना?"

"उद्या उजाडताना विचारू," योतेबा म्हणाला. "पहारा ठेवायचा! आणि बिरिबो, येताना खाऊन ये."

"खाऊनही येईन, घेऊनही येईन!"

मनेआबा म्हणजे गावाचं सभाघर. त्याचं छप्पर इतकं मोठं की सगळं गाव त्याखाली मावायचं, आणि वळचण इतकी खाली की आत शिरताना मोठमोठ्या माणसांनाही मान झुकवावी लागायची. वळचणीखाली चारी बाजूंनी तिला पेलणारे, समुद्रातल्या प्रवाळाचे उभे दगड होते. एकेका घराण्याचा एकेक दगड. आपल्या दगडापाशी बसायचं, दुसऱ्याच्या जागेवर चुकूनसुद्धा नाही! बिरिबोला सातचा पाढा येत नसे, पण कोणाची जागा कुठे, हे त्यानं झोपेतही सांगितलं असतं. जागा गेली की घराणं गेलं, असं म्हातारी माणसं म्हणत.

बेटाच्या आतल्या शांत पाण्याच्या बाजूची एकच जागा रिकामी होती. तिथे कोणी का बसत नाही, असं विचारलं की मोठी माणसं घाईघाईनं माशांबद्दल बोलायला लागत.

दुसऱ्या दिवशी अजून पुरतं फटफटलंही नव्हतं तेव्हा तिघं मनेआबासमोरच्या उपड्या होडीखाली शिरले. बिरिबोनं भाजलेला निरफणस आणला होता. त्याच्या वासानं पहाऱ्यावर लक्ष लागेना.

"गप्प! आलं कोणीतरी!"

वाकलेली एक आकृती वळचणीखालून आत गेली. तिनं हातानं पांढरी खडी सारखी केली. चटई पसरली. मग झग्याच्या खिशातून बाटली काढून दगडाला खोबरेल चोळलं, लहान मुलाच्या पाठीला चोळावं तसं. "आज वारा चांगला आहे रे," ती दगडाला म्हणाली.

टीरियानं होडीखालून डोकं बाहेर काढलं. तो आवाज ती रोज ऐकत होती. ती तिचीच आजी होती. मारेवे आजी!

आणि नेमका तेव्हाच बिरिबो शिंकला.

"शिंकणारं भूत, बाहेर ये," आजी न वळता म्हणाली. "बरोबरची दोन भुतंही या."

तिघं माना खाली घालून बाहेर आले.

"आजी, तू? रोज?"

"चटईला वारा दाखवावा लागतो. नाहीतर कसर लागते."

"पण ही जागा तर..."

"काल गेदर चांगली मिळाली म्हणे योतेबाच्या बाबांना?" आजी म्हणाली आणि काठी टेकत चालू लागली.

"बघा! मासे!" बिरिबो कुजबुजला.

टीरिया मात्र कोड्यात पडली नाही. घरी दाराशी माशांचा एक जुना गळ टांगलेला होता. त्याला कोणी हात लावायचा नाही. तो तिमाऊ आजोबांचा, म्हणजे आजीच्या भावाचा. टीरियाच्या जन्माआधी ते खडकाच्या कडेपलीकडे, मोठ्या समुद्रात, एकटेच होडी घेऊन गेले होते. त्यांच्याबद्दल घरात एकच वाक्य बोललं जाई: "मासे मारायला गेलाय." बारा वर्षं लागतात का मासे मारायला, हे टीरियानं एकदाच विचारलं होतं. आईनं तिला जवळ ओढून तिचे केस विंचरायला घेतले होते, आणि केस तर आधीच विंचरलेले होते.

"ही तिमाऊ आजोबांची जागा आहे," ती हळूच म्हणाली. "आजीच्या माहेरची."

बिरिबोनं उरलेला निरफणस तिच्यापुढे धरला. बिरिबोच्या हिशेबानं ही फार मोठी गोष्ट होती.

दुपार व्हायच्या आधी बिरिबो धापा टाकत आला. "दगड! आजीचा दगड गेला!"

तिघं पळत सुटले. चटई पुन्हा नाहीशी झाली होती, आणि यावेळी दगडही. त्या जागी नुसता खड्डा होता आणि वळचणीला माडाचा एक टेकू लावलेला होता. जनरेटर आत ढकलायला आता ऐसपैस वाट झाली होती.

मारेवे आजी तिथेच उभी होती. खड्ड्याकडे पाहत राहिली आणि मग काठी टेकत घरी गेली. घरी तिनं केवड्याच्या पाती मांडीवर घेतल्या, पण विणलं काहीच नाही. पुढे ठेवलेला भात तसाच राहिला.

"काकांना सांगू या!" बिरिबो म्हणाला.

"काय सांगणार? ते म्हणतील, रिकामी जागा होती," योतेबा म्हणाला. "आधी दगड शोधू. एवढं धूड हवेत उडत नाही. हे बघा!"

खडीत फरफटल्याची रुंद वाट उमटली होती. ती माडांमधून गेली, शाळेमागून वळली आणि थेट समुद्राच्या बांधापाशी थांबली. बांधाचा एक कोपरा मागच्या उधाणात ढासळला होता. तिथे सिमेंटच्या गोणी तयार होत्या, आणि बांधाच्या पायथ्याशी, उघड्या पडलेल्या चिखलात, दगडांचा ढीग.

"यातला आपला कुठला?" बिरिबोनं डोकं खाजवलं. "सगळे दगडासारखेच दिसतात."

टीरियानं एकेका दगडावरून हात फिरवला. खरखरीत. खरखरीत. काटेरी. आणि मग एकदम गुळगुळीत! दगडाच्या मधोमध एक उथळ खोलगा होता. किती माणसांनी पाठ टेकली असेल तेव्हा तो पडला असेल! आजी, आजीचे वडील, त्यांचे वडील. खोलग्याला अजून खोबरेलाचा वास येत होता.

"हा," ती म्हणाली. "हाच."

पलीकडून दोन गडी बोलत आले. तिघं ढिगामागे दबले.

"आता भरती लागेल. पाणी उतरलं की संध्याकाळी बसवून टाकू, सिमेंट ओतू," एक जण म्हणाला.

"चल तर, जेवून झोपू."

गडी गेले. तिघांनी दगडाला खांदे लावले. दगड हलला नाही. बिरिबो मात्र चिखलात बसला.

"एकदा सिमेंट पडलं की संपलं!" टीरियाचे डोळे भरून आले. "उद्या सकाळी आजी कुठे जाईल?"

योतेबा पाण्याकडे पाहत होता. आणि एकाएकी तो हसायला लागला!

"आपल्याला उचलता येत नाही ना? समुद्राला येतं! मनेआबातले दगड पूर्वी आणले कसे, म्हणतात गोष्टीत बाऊरो आजोबा? ओहोटीला होडीला बांधायचे. भरती आली की होडी उठते, दगडही उठतो!"

"तू ती गोष्ट ऐकत होतास?" टीरिया चकित झाली. "तू तर घोरत होतास!"

"कप्तान एका कानानं झोपतो!"

योतेबाच्या बाबांची होडी जवळच रुतलेली होती. होडी आणि तिच्या बाजूची, तोल सांभाळणारी लाकडी उलांडी यांच्यामध्ये दोन जाड आडव्या काठ्या होत्या. तिघांनी होडी ढकलत, ओढत, शिव्या न देता (टीरियानं बजावलं होतं) दगडावर आणली. दगड बरोबर होडी आणि उलांडी यांच्यामध्ये आला. मग काथ्याचे दोर खालून घालून दगड काठ्यांना आवळला.

"आता?" बिरिबो.

"आता बसायचं."

"हे काम मला जमतं!"

पाणी चिखलावरून सरसरत आलं. घोट्यापर्यंत. गुडघ्यापर्यंत. दोर ताणले, काठ्या कुरकुरल्या. टीरिया मनातल्या मनात काथ्या वळणाऱ्या सगळ्या म्हाताऱ्यांची नावं घेत होती. आणि एकदम होडी डुलली.

"सुटला! दगड सुटला!"

वल्ही मारत ते किनाऱ्याकिनाऱ्यानं निघाले. होडी म्हशीसारखी जड चालत होती. अर्ध्या वाटेवर बिरिबोनं वल्हं मारायचं थांबवलं.

"काका!"

तानिएरा काका कंबरेवर हात ठेवून काठावर उभे होते. "काय रे पोरांनो! होडी एवढी बुडालीय, काय पकडलंत?"

योतेबाची वाचा बसली. टीरियाची बसली. बिरिबो म्हणाला, "दगड!"

काका खो खो हसले. "शाबास! मीठ लावून खा!" आणि हसत हसत झोपायला गेले.

"मी खरं तेच बोललो," बिरिबो साळसूदपणे म्हणाला.

भरती पुरी झाली तेव्हा पाणी मनेआबाच्या अंगणाला लागलं होतं. हल्ली ते दरवर्षी थोडं जास्तच जवळ येई. दगड तिथे उतरला. पुढचं काम तिघांचं नव्हतं. योतेबानं बोटं तोंडात घालून शिट्टी मारली, आणि घराघरांतून, झाडांवरून, मचाणांखालून सुट्टीतली सगळी पोरं धावत आली. माडाचे ओंडके खाली सरकवत दगड आत आला आणि धप्पकन खड्ड्यात उभा राहिला. छपरापासून बोटभर कमी पडत होता. पण उभा होता, खोलगा आतल्या बाजूला ठेवून.

टीरिया घरी पळाली आणि आजीनं विणलेली आणखी एक चटई घेऊन आली.

संध्याकाळी शिंग वाजलं. शुक्रवारच्या पाहुण्यांचं ठरवायला गाव जमलं. माना झुकवून सगळे आत आले, आपापल्या दगडापाशी बसले, आणि सगळ्यांनी पाहिलं. दगड. त्यापुढे चटई.

"ह्या वर्षी गेदर बरी आहे," कोणीतरी म्हणालं.

"गेदर राहू दे," बाऊरो आजोबा म्हणाले. ते गावात सर्वांत वडील. "हा दगड सकाळी इथून गेला होता. परत कोणी आणला?"

मनेआबात मुलांनी बोलायचं नसतं. तिघं वळचणीबाहेर उभे होते. हातपाय चिखलानं माखलेले, काथ्यानं तळहात सोललेले. बाऊरो आजोबांनी खूण करून आत बोलावलं.

"कसा आणलात?"

"समुद्रानं उचलला," योतेबा म्हणाला. "तुम्ही सांगितलं होतं तसा."

म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावरच्या सगळ्या सुरकुत्या हलल्या. "मी ही गोष्ट चाळीस वर्षं सांगतोय. आज कोणीतरी ऐकली! शाबास रे पोरांनो! आमचे खांदे थकले होते, तुमचे कामाला आले."

तानिएरा काका मान खाली घालून उठले. "मारेवे काकू, मला वाईट करायचं नव्हतं. जनरेटरचं निमित्त होतंच. पण रोज सकाळी तुम्हाला त्या चटईशी बघायचो. वाटलं, जागाच नसली तर तुम्हाला यायला नको. त्रास नको."

"माहीत आहे मला," आजी म्हणाली. "तू लहानपणापासून असाच. खपली दिसली की काढतोस."

कोणीतरी हसलं. काकाही ओशाळे हसले. "जनरेटर बाहेर माडाखाली ठेवतो. वर छप्पर घालीन."

"ते झालं," बाऊरो आजोबा म्हणाले. "पण नुसत्या दगडानं जागा राहत नाही. तिथे माणूस बसावा लागतो. नाहीतर आज जनरेटर आला, उद्या दुसरं काही येईल." ते थांबले. "ही टीरिया मारेवेची नात. रक्तानं तिचा हक्क आहे. पण जो मासे मारायला गेलाय, त्याच्या जागेवर दुसऱ्याला कसं बसवायचं?"

कोणी खडीकडे पाहू लागलं, कोणी छपराकडे. याचं उत्तर गावात सगळ्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं सगळ्यांनी ते मारेवेसाठी गिळून ठेवलं होतं, आणि मारेवेनं सगळ्यांसाठी.

मारेवे आजी उठली. खडीवरून काठीचा आवाज करत ती टीरियाजवळ आली. तिचा सोललेला हात हातात घेतला, उघडून पाहिला, त्यावर फुंकर घातली. मग तिला चटईवर नेऊन बसवलं.

"पाठ टेक."

टीरियानं पाठ टेकली. भरतीच्या पाण्यानं दगड अजून ओलसर होता. खोलगा तिच्या पाठीला थोडा मोठा होता, पुढच्या इयत्तेच्या गणवेशासारखा.

आजी गावाकडे वळली. तिचा आवाज शेवटच्या दगडापर्यंत ऐकू गेला.

"माझा भाऊ तिमाऊ बुडाला. तो आता यायचा नाही."