माइकजवळचा आवाज

मद्रासमधल्या वडपळनीच्या चित्रपट-स्टुडिओत सकाळची पाळी सातला सुरू व्हायची. ध्वनिमुद्रक व्यासराज मैलापूरहून पहिल्या बसने यायचा, कॅन्टीनमध्ये उभ्याउभ्याच कॉफी घ्यायचा आणि चित्रीकरणाच्या फ्लोअरच्या कडेला असलेल्या काचेच्या खोलीत हेडफोन चढवून बसायचा. सतरा वर्षं हाच क्रम होता. बोलणारा माइकपासून किती हातांवर आहे, त्याचं तोंड कुणीकडे आहे, हे तो डोळे मिटून सांगायचा.

१९६१च्या जूनमध्ये तिथे राणोजीरावांनी स्वतःचं चित्र सुरू केलं. राणोजी मूळचे तंजावरचे, घरी व्यासराजसारखीच जुनी मराठी बोलणारे. नाटक कंपनीतून आलेला हा माणूस बत्तीस तमिळ चित्रांचा नायक झाला होता. मानसन्मान भरपूर मिळाले, पण आजवर आपण दुसऱ्यांच्या सांगण्यावरून हसलो-रडलो, आता आपलं आपण ठरवायचं, असं त्यांच्या मनाने घेतलं. चव्वेचाळिसाव्या वर्षी निर्माता, दिग्दर्शक आणि नायक अशी तिन्ही कामं त्यांनी अंगावर घेतली. कथा एका निवृत्त न्यायाधीशाची होती. त्याने एका निरपराध माणसाला फाशी दिलेली असते.

तिसऱ्या दिवशी राणोजींनी संवाद संपवला आणि व्यासराजला हेडफोनमध्ये हलकेच ऐकू आलं, "परत."

राणोजी मुकाट्याने मागे जाऊन पहिल्या जागी उभे राहिले. शॉट पुन्हा झाला. दुपारी व्यासराजने कॅमेरामन नारायणस्वामींना विचारलं, तर ते म्हणाले की कोणी काहीच बोललं नाही, साहेब स्वतःच मागे गेले.

व्यासराजने टेप लावली. शब्द तिथे होता. आवाज राणोजींचाच वाटत होता, पण राणोजी माइकपासून आठ हातांवर होते आणि हा शब्द अगदी माइकला ओठ लावून उच्चारलेला. त्याच्यामागे फ्लोअरचा घुमारा नव्हता. शिवाय तो मराठीत होता. फ्लोअरवर राणोजी तमिळखेरीज बोलत नसत.

पुढच्या आठवड्यात शब्द वाढले. "मान खाली." "हळू." "आता बघ त्याच्याकडे." प्रत्येक शब्दामागोमाग राणोजींचं शरीर तसंच वागायचं. आणि काम असं व्हायचं की दिव्यांपाशी उभी असलेली माणसं शॉट संपल्यावरही जागची हलायची नाहीत.

अखेर व्यासराजने त्यांना खोलीत बोलावून सगळ्या टेप ऐकवल्या. राणोजींनी त्या खाली मान घालून ऐकल्या.

"माझाच आवाज आहे," ते म्हणाले.

"अण्णा, तुमचे ओठ मिटलेले होते. मी काचेतून बघत होतो."

राणोजींनी हात पुढे करून टेप थांबवली. मग म्हणाले, "बत्तीस चित्रं केली मी. असं काम एकदा तरी केलं का? खरं सांग."

व्यासराजला खोटं बोलता आलं नाही. "नाही," तो म्हणाला.

"मग कोणाला सांगू नकोस."

त्याने कोणाला सांगितलं नाही. दोन दिवसांनी राणोजींची पत्नी कनका डबा घेऊन आल्या आणि त्याला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "घरीं पान वाढलें तरी बसत नाहींत. पाटापाशीं उभे राहतात. कोणी सांगितल्यासारखे मग एकदम बसतात. काय झालें त्यांना?"

दमणूक आहे, चित्र संपलं की ठीक होईल, असं सांगून त्याने त्यांना घरी पाठवलं.

अखेरच्या दिवशी शेवटचा प्रसंग होता. न्यायाधीश आपला गुन्हा कबूल करतो, आरामखुर्चीत मागे टेकतो आणि प्राण सोडतो. माइक खुर्चीच्या अगदी वर होता. राणोजींचा कबुलीजबाब संपला. त्यांनी डोळे मिटले. व्यासराजला त्यांचा श्वास स्पष्ट ऐकू येत होता.

"श्वास थांबव."

श्वास थांबला.

कॅमेरा फिरत राहिला. कट म्हणायचं ते दिग्दर्शकाने, आणि दिग्दर्शक खुर्चीत होते. सगळे थक्क होऊन बघत होते.

व्यासराजने घड्याळाकडे पाहिलं. चाळीस सेकंद. सत्तर.

राणोजींचा हात खुर्चीवरून घसरून खाली लोंबला. बोटांची नखं काळसर दिसत होती.

हेडफोन फेकून तो दार ढकलत फ्लोअरवर धावला आणि जिवाच्या आकांताने ओरडला, "कट!"

राणोजींच्या सगळ्या अंगाला हिसका बसला. भेसूर आवाज करत त्यांनी हवा आत ओढली. डोळे उघडले, पण व्यासराजला ओळखायला त्यांना वेळ लागला. त्याने त्यांचा हात घट्ट धरला. त्या एका 'कट'नंतर त्याने एकही शब्द उच्चारला नाही.

राणोजी त्यानंतर फ्लोअरवर आले नाहीत. आपल्या घरी ते कनकाबाईंसमोर शांतपणे जेवू लागले, रात्री झोपू लागले. चित्र त्यांच्याशिवायच पुरं करायचं ठरलं. आठ दिवसांनी व्यासराजला शेवटची टेप चित्राशी जुळवावी लागली. ती त्याने मुद्दाम भर दुपारी, दार उघडं ठेवून लावली.

कबुलीजबाब. श्वास. मग ते दोन शब्द. लांबलचक शांतता. दाराचा धक्का, पावलं, दुरून आलेली त्याची स्वतःची आरोळी. राणोजींची धाप.

तो टेप बंद करणार, तेवढ्यात माइकच्या अगदी जवळून शांतपणे विचारलेलं ऐकू आलं, "हा कोण?"

क्षणभर काही नाही.

मग तितक्याच जवळून, घुमाऱ्याशिवाय, व्यासराजच्याच आवाजात उत्तर आलं. त्या आवाजाने व्यासराजचं नाव सांगितलं, वडिलांचं सांगितलं, आणि मैलापूरच्या घराचा पत्ता.